जिन्यातली वही

बँकेच्या काउंटरवरचं पेन दोरीला का बांधलेलं असतं, हा प्रश्न गेल्या वीस वर्षांत मला निदान दोन हजार लोकांनी विचारला असेल. विचारण्याचा सूर ठरलेला. "आम्ही जन्माची कमाई तुमच्याकडे ठेवायची आणि तुम्ही आम्हांला पाच रुपयांचं पेन मोकळं देणार नाही?" मी नुसता हसतो. खरं उत्तर लांबलचक आहे आणि मागं पेन्शनरांची रांग उभी असते. आज रविवार आहे, रांग नाही, म्हणून सांगतो.

तुमची कमाई तुमच्या नावावर असते. पेन कोणाच्याच नावावर नसतं. ते सगळ्यांचं असतं. आणि सगळ्यांची वस्तू संध्याकाळपर्यंत कोणातरी एकाची होते, हा सिद्धांत मी बी. कॉम.च्या कुठल्याही पुस्तकात वाचला नाही, पण काउंटरवर रोज पाहिला. दोरी आहे म्हणूनच ते पेन दुसऱ्या दिवशीही सगळ्यांचं राहतं.

एवढं शहाणपण गाठीशी असताना मी स्वतःच एक सगळ्यांची वस्तू काढायला जावं, हा ग्रहांचाच दोष म्हटला पाहिजे.

मी मूळचा सातारचा, नोकरीनं सांगलीचा. यात परमुलखात आल्यासारखं काही नाही. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हा या बाजूचं नाव 'दक्षिण सातारा' होतं; ते १९६० साली 'सांगली' झालं. मी कंदी पेढ्यांची बढाई मारायला लागलो की इकडचे लोक भडंगाची पुडी पुढं करतात, एवढाच आमचा सीमावाद. नदीसुद्धा तीच. आमच्या आईचं म्हणणं असं, की तिनं माहुलीला पाय धुतलेलं पाणी मी सांगलीत पितो आणि तरीही मला अक्कल कशी येत नाही!

तर २०२२ साली आमच्या जिल्ह्यातल्या, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं एक गोष्ट सुरू केली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग चालू. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर एकमेकांशी बोलायचं. ही बातमी वाचून आमच्या सोळा बिऱ्हाडांच्या सोसायटीनं तातडीची सभा घेतली आणि तसाच ठराव एकमतानं पास केला. भोंगा नसल्यामुळे चेअरमनसाहेबांच्या घरच्या कुकरची तिसरी शिट्टी ही खूण ठरली. पहिल्या दिवशी तिसरी शिट्टी सात वीसला झाली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे डोसे होते.

ठराव असा वारला. पण माझ्या डोक्यातून जाईना. मग मी जिन्यात, मीटरच्या पेटीशेजारी, एक खिळा ठोकला, त्याला दोनशे पानी वही टांगली, वहीला दोरी आणि दोरीला पेन बांधलं. जुन्या सवयीनं पानांना नंबर घातले आणि पहिल्या पानावर लिहिलं : 'कोणीही काहीही लिहावं. कोणीही वाचावं.' यातला 'काहीही' हा शब्द मी नीट विचार न करता वापरला, हे आज कबूल करतो.

पहिली नोंद आली : 'पाण्याची मोटर रात्रभर कोणी चालू ठेवली?' दुसरी : 'आम्ही नाही.' तिसरी, चौथी आणि पाचवीही 'आम्ही नाही'च. सहाव्या नोंदीत कोणीतरी पावसावर कविता केली होती. तिच्याखाली सातवी : 'म्हणजे मोटर तुम्हीच चालू ठेवली.'

पण हळूहळू वहीला बाळसं धरलं. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी ओल्या हळदीचं लोणचं लिहिलं. तळमजल्याच्या चिरंजीवानं आपल्या गोट्यांचा जमाखर्च मांडला. तो माझ्या हाताखालून गेलेल्या कित्येक ताळेबंदांपेक्षा प्रामाणिक होता. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांनी आपल्या पहिल्या नेमणुकीच्या गावच्या आठवणी क्रमशः लिहायला घेतल्या आणि काय सांगू, वहीचं सोनं झालं. सोळा बिऱ्हाडांपैकी नऊ लिहीत, पाच नेमानं वाचत आणि दूधवाला सगळंच वाचत असे. एकदा मास्तरांचा लेख आठवडाभर आला नाही, तर त्याखाली दुधाच्या ओल्या बोटाच्या ठशासह नोंद पडली : 'पुढचा भाग कधी?' मराठी लेखकाला याहून मोठा पुरस्कार मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पहिल्या महिन्यात चार पेनं गेली. एकदा तर दोरीही गेली. मात्र तिसऱ्या महिन्यात एक पेन आपण होऊन परत आलं, दोन नव्या रिफिलींसह. बँकेच्या इतिहासात असं कधी घडलेलं नाही.

वही नावारूपाला आली तसे आश्रयदातेही आले. कोपऱ्यावरचे क्लासवाले म्हणाले, "साहेब, साठ रुपयांची वही काय वापरता? दर महिन्याला गुळगुळीत कागदाची वही मी देतो. फक्त प्रत्येक पानाच्या तळाला आमच्या क्लासचं नाव." मी खोटं कशाला सांगू, माझं मन डळमळलं. साठ रुपये म्हणजे साठ रुपये!

पण सातारला वाढलेल्या माणसाला अशा वेळी 'रयत' आठवते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायला बसवली. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. पुढे 'मुष्टिफंड' निघाला : घरोघरी बायांनी रोजच्या धान्यातली एक मूठ मुलांसाठी बाजूला काढायची. लहानपणी मला वाटायचं, मूठमूठ कशाला गोळा करत बसायचं, एखाद्या धनिकाला गाठून पोती आणावीत. आता कळतं. पोतं देणारा उद्या पंगतीत कोणी बसावं हेही सांगायला येतो. मूठ देणारा येत नाही. मूठ इतकी लहान असते, की ती देणाऱ्याला मालक होताच येत नाही.

माझी वही कुठं आणि कर्मवीरांचं वसतिगृह कुठं, हे मला कळतं. काजव्यानं सूर्याकडून उजेडाचं तंत्र शिकावं तशातला प्रकार. तरी मी क्लासवाल्यांना हात जोडले आणि खिळ्याखाली एक बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला : 'वहीसाठी ज्याला वाटेल त्यानं एक रुपया.' महिन्याअखेर डब्यात एक्केचाळीस रुपये आणि एस्टीचं एक तिकीट निघालं. तिकीट मी सस्पेन्स खात्यात टाकलं.

माझा भाचा पुण्याला संगणकात आहे. तो म्हणाला, "मामा, हे सगळं जगात होऊन गेलंय. १९९६ साली 'मायबोली' निघाली. अमेरिकेतली मराठी माणसं तिथं याच गोष्टी करत होती : कविता, लोणची आणि भांडणं." मी विचारलं, "तिथं झाडलोट कोण करतं?" तो म्हणाला, "असतं कोणीतरी. स्वतःची नोकरी सांभाळून, रात्री जागून." हे ऐकून मला त्या अनोळखी 'कोणीतरी'बद्दल एकदम भाऊबंदकी वाटली. सात समुद्रांपलीकडेही एखादा माझ्यासारखाच दोरीला गाठ मारत बसला असेल!

सौ. मात्र मुद्द्याचं बोलली. "ही वही तुमची की सगळ्यांची, ते एकदा ठरवा. सगळ्यांची असेल तर कोणी वाकडं लिहिलं म्हणून तुमची झोप का उडते? आणि तुमची असेल तर जिन्यात का टांगलीय?"

प्रश्न बिनतोड होता. तो मनात घेऊनच मी एका सुटीत भिलारला गेलो. पाचगणीजवळचं हे स्ट्रॉबेरीचं गाव, ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून सुचलेली ही सरकारी योजना; पण पुस्तकं ठेवली ती लोकांच्या घरांत. सुरुवातीला अशा पंचवीस जागा होत्या. आपण चप्पल काढून अनोळखी घरात शिरायचं, कपाटातलं पुस्तक घ्यायचं आणि वाचत बसायचं, पैसे नाहीत. मी एका घरात तासभर बसलो. मध्येच घरच्या आजी झाडू घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पाय वर घ्या." मी घेतले. त्या खालून झाडून गेल्या. पुस्तक कोणतं वाचता, का वाचता, काही नाही. मला वाटलं, मिळालं उत्तर! सांभाळणाऱ्यानं केर काढावा, पुस्तकात डोकावू नये. मी हलक्या मनानं सांगलीला परतलो. उत्तर पंधरा दिवस टिकलं.

सोळाव्या दिवशी रात्री अकरा वाजता, दिवा मालवायला म्हणून जिन्यात गेलो आणि सहज वही चाळली. पान ४७. वरच्या मजल्यावर दोन मुली भाड्यानं राहत. इस्पितळात परिचारिका, त्यामुळे कामाच्या पाळ्या विचित्र. त्यांच्याविषयी चार ओळी होत्या. त्या रात्री किती वाजता येतात, त्यांना सोडायला कोणाची गाडी येते, आणि 'सभ्य वस्तीत' हे कसं चालतं. खाली सही नाही. त्या ओळी मी इथं उतरवणार नाही. एकदा उतरल्या तेवढं पुरे. सकाळी सहाला दूधवाला येणार, साडेसहाला घरमालक फिरायला निघणार, आठपर्यंत त्या मुलींना घर शोधायला लागणार. मी पान टर्रकन फाडलं, तुकडे केले आणि सकाळी घंटागाडीत टाकले. आपण एक सत्कृत्य केलं अशा समाधानात दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

कागदाला दोन बाजू असतात, हे वाक्य मी आजवर फक्त भाषणांत ऐकलं होतं. दुपारी मावशी दारात आल्या. "अहो, माझं पान दिसत नाही."

४७ च्या पाठीवर ४८ होतं. मावशी पूर्वी गावभागात राहत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ ची. त्या पुरात शहरातल्या जुन्या वाचनालयाची पुस्तकंसुद्धा भिजली, तिथं मावशींच्या तळमजल्याची काय कथा! घर गेलं नाही, पण घरातलं गेलं. आदल्या दिवशी दुपारी त्यांनी जिन्यात पायरीवर बसून, काय काय गेलं त्याची यादी लिहिली होती. पितळी डबे, लोणच्याची बरणी, लग्नातला शालू आणि यजमानांनी तीस वर्षं लिहिलेल्या घरखर्चाच्या वह्या. त्यांत म्हणे ते आकड्यांच्या मध्येच एखादी ओळ लिहीत : 'आज हिला ताप.' 'आज हिला साडी आवडली नाही.' त्यातल्या आठवल्या तेवढ्या ओळी मावशींनी ४८ वर उतरवून ठेवल्या होत्या. म्हणजे पहिल्यांदा नदीनं नेलं, दुसऱ्यांदा मी.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे अजून हातानं लिहायची लेजरं होती. जुन्या हेडक्लार्कनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं : लेजरचं पान कधी फाडायचं नाही आणि खोडरबर वापरायचं नाही. चूक झाली तर त्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही करायची. चूक दिसू दे, ती कोणी सुधारली तेही दिसू दे. वीस वर्षं मी हे धर्मासारखं पाळलं आणि एका रात्रीत विसरलो.

तुम्ही म्हणाल, मग रेघ मारायची होती! तिथंच तर गोम आहे. चुकलेला आकडा वाचता आला म्हणून कोणाचं घर सुटत नाही. शब्दांचं तसं नाही. रेघेखालून वाचता येणारी बदनामी लोक अधिक बारकाईनं वाचतात. म्हणजे पान ठेवलं तर मुलींवर अन्याय, फाडलं तर मावशींवर. बसून विचार केल्यावर सुचलं, की त्या चार ओळींवर कागदाची पट्टी चिकटवायची, तिच्यावर 'हे मी झाकलं' म्हणून कारण लिहायचं आणि खाली स्वतःची सही ठोकायची. उपाय साठ पैशांचा होता. पण तो सुचण्यासाठी रात्रीचे अकरा आणि संतापलेलं डोकं ही वेळ बरोबर नव्हती.

आणि सौ.च्या प्रश्नाचं उत्तरही मला तेव्हा सापडलं. ते आमच्या धंद्यातच होतं. लोकांना वाटतं, ठेवी ही बँकेची श्रीमंती. ताळेबंद उघडून बघा : ठेवी देण्याच्या बाजूला असतात. जितक्या ठेवी जास्त, तितकं आमचं देणं जास्त. मी वहीकडे पाहून, 'माझ्या वहीत एवढं छान छान साठलंय' म्हणून मिशीला पीळ देत होतो. ते माझं काहीच नव्हतं. मास्तरांच्या आठवणी, पोराच्या गोट्या, मावशींची यादी, हे सगळं माझ्या नावावरचं देणं होतं. वही माझी नव्हे. वहीची जबाबदारी माझी. मी मालक असतो तर पान माझं होतं, फाडलं फाडलं. नुसता केर काढणारा असतो तर पान बघायचंच कारण नव्हतं. मी दोन्हींच्या मधला, म्हणजे कारकून. दुसऱ्याचं जपायचं, स्वतःचं म्हणायचं नाही आणि हिशेब चुकला तर भरून द्यायचा.

भरून द्यायला मावशींकडे गेलो. क्षमा मागायची चार वाक्यं जिन्यात पाठ केली होती, दोन आठवली. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पुरात गेलं तेव्हा रागवायचं कोणावर, तेच कळत नव्हतं. या वेळी निदान माणूस समोर आलाय." आणि त्या रीतसर रागावल्या. चांगल्या दहा मिनिटं. मग चहा टाकला. म्हणाल्या, "आता मला पुन्हा लिहवणार नाही. मी सांगते, तुम्ही लिहा." मी लिहून घेतलं. पहिल्यापेक्षा कमी आठवलं, हे त्यांनी मला मुद्दाम सांगितलं. माझं समाधान व्हावं म्हणून खोटं बोलल्या नाहीत.

राहिली गोष्ट त्या चार ओळींची. सही नव्हती, पण वीस वर्षं चेकवरच्या सह्या पडताळणाऱ्या माणसापासून अक्षर लपत नाही. ते वळण मी ओळखलं होतं. वाचतानाच ओळखलं होतं, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच इतक्या त्वेषानं फाडलं होतं. ते मास्तरांचं होतं. ज्यांच्या आठवणींनी वहीचं सोनं झालं, त्यांचंच.

सगळ्यांसमोर नाव घ्यावं का? गप्प बसावं का? दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, "मास्तर, आमच्याकडे बिनसहीचा चेक आला तर आम्ही तो वटवत नाही. ज्याचा त्याला परत देतो." मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. म्हणाले, "बरं." त्यापुढं दोन महिने त्यांनी वहीत एक अक्षर लिहिलं नाही. वही पुन्हा मोटरीवर आली. दूधवाल्यानं तीनदा विचारलं, 'पुढचा भाग कधी?' उत्तर मला ठाऊक होतं आणि देता येत नव्हतं. सगळ्यांची वस्तू सांभाळण्यात सर्वांत जड जातं ते हेच. साठ रुपये नव्हेत, पेनं नव्हेत. चांगलं लिहिणाऱ्या हाताला वाईटही लिहिता येतं, हे एकट्यानं माहीत असणं.

दोन महिन्यांनी मास्तरांचा पुढचा भाग आला. पूर्वी ते सही करत नसत. आता पूर्ण नाव, खाली तारीख. त्या मुलींची त्यांनी माफी मागितली नाही. मागितली असती तर त्यांना सगळंच कळलं असतं. पण रात्री जिन्यातला दिवा, त्या वर पोचेपर्यंत, आता मास्तर चालू ठेवतात. हा हिशेब जुळला का, मला विचारू नका. काही खात्यांत थोडी बाकी राहतेच.

आता माझी बदली झाली आहे. आई एकटी असते म्हणून मीच साताऱ्यासाठी अर्ज केला होता. बँकेत बदली झाली की चार्ज द्यावा लागतो : चाव्या किती, शिक्के किती, सगळं लिहून, घेणाऱ्याची सही घेऊन. वहीचा चार्ज मावशींनी घेतला. म्हणाल्या, "मी पट्टी चिकटवीन. फाडणार नाही." मी रीतसर यादी केली :

वही, दोनशे पानी, तिसरी, वापरातली : १. भरलेल्या वह्या : २. खिळा : १. डबा : १, आत रुपये सव्वीस आणि एस्टीचं तिकीट. पेन : १, दोरीसह.

पहिल्या वहीत पान ४७-४८ कमी. फाडणाऱ्याचं नाव खाली सहीत आहे.

आणि सही केली. मावशींनी ती वाचली, चष्मा पुसला आणि विचारलं, "दोरी एवढी आखूड का ठेवलीत? पायरीवर बसून लिहिता येत नाही."

वीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी हातभर दोरी वाढवून दिली.